ताण कळतो कुठे?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गावी गेले होते. नारायणगावजवळ आमचं शेत आहे आणि उन्हाळी टोमॅटो तेव्हा ऐन फुलात होता. पानं काळीभोर, बांधावरून जाणाऱ्याला वाटावं काय प्लॉट जमलाय, ठिबक वेळेवर, मल्चिंग पेपरखाली माती ओली, तार-बांबू झालेला, फवारण्या झालेल्या, आणि सरीत खाली बघितलं तर पिवळ्या फुलांचा सडा. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मधे एक गाठ असते ना, बरोबर तिथून सुटलेली फुलं. अप्पा वाकून एकेक फूल उचलत होते, उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, "पाणी कमी नाही, खत कमी नाही, पानावर काही रोग नाही. मग ह्याला कळतं कसं गं, की आता फळ धरायचं नाही?"

मी "गरमी फार झालीये अप्पा, हीट स्ट्रेस" एवढंच म्हणाले. ते हं म्हणाले आणि पुढच्या सरीत गेले. पण ते उत्तर नव्हतंच, गरमी झालीये हे त्यांना माझ्या आधीपासून माहितीये. त्यांचा प्रश्न होता कळतं कसं. आणि कुठे कळतं. झाडाला ना डोकं ना मज्जातंतू, मग आता परवडत नाही, सोडून द्या, हे ठरवतं कोण? मी एमएस्सीला वर्षभर ह्याच प्रश्नाच्या एका छोट्या तुकड्यावर काम केलंय, त्यामुळे पुण्याला परत येताना एसटीत सारखं वाटत राहिलं की अप्पांना नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं. म्हणून हे लिहितेय. मोठं होईल, पण थोडक्यात सांगून त्याची मजा जाते.

आधी ताण हा शब्दच घ्या. आपल्याकडे ताण म्हणजे पाणी तोडणं. डाळिंबाला, संत्र्याला बहार धरायचा असला की बागेला ताण देतात आणि मग पाणी सोडून ताण तोडतात. वनस्पतिशास्त्रात तोच शब्द खूप पसरट होतो, ऊन, थंडी, खारं पाणी, दुष्काळ, बुरशी, सगळं ताणच. पण बागायतदारांच्या वापरात एक गोष्ट फार बरोबर पकडलेली आहे. ताण बेताचा असला तर झाड सावरतं, उलट फुटून येतं, आणि जास्त बसला तर फांद्या वाळायला लागतात. ह्या दोन्हींच्या मधली रेघ झाड स्वतः ओळखतं आणि पेशीच्या आत ती ओळखायची एक मोठी जागा म्हणजे आंतर्द्रव्यजालिका.

शाळेच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र आठवा. मधे केंद्रक, हिरवी हरितलवकं, एक भलीमोठी रिक्तिका, आणि केंद्रकाला चिकटून दोनचार नागमोडी रेषा, त्याला बाण काढून लिहायचं आंतर्द्रव्यजालिका. मला त्या चित्राचा खरंच राग येतो, कारण ती जालिका अशी एका कोपऱ्यात नसतेच. ती पेशीभर पसरलेली असते, नळ्या आणि चपट्या पिशव्यांचं एकच सलग जाळं, सतत हलणारं, केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी जोडलेलं. १९४५ मध्ये कीथ पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्या तेव्हा हे लेससारखं जाळं पहिल्यांदा नीट दिसलं. आणि झाडांमधे तर ह्याहून भारी प्रकार आहे. शेजारशेजारच्या दोन पेशींच्या भिंतीत बारीक वाटा असतात, प्लाझ्मोडेस्माटा, आणि त्या वाटांमधून ह्याच जाळ्याची एक बारीक नळी आरपार गेलेली असते. म्हणजे एका पेशीची जालिका शेजारणीच्या जालिकेला जोडलेली. जुन्या वाड्यात खोल्या वेगवेगळ्या पण वरचा माळा सगळ्यांना मिळून एकच असायचा, तसं.

इथून पुढे मी जालिकेला ईआर म्हणते, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचं छोटं रूप, लॅबमधे सगळे तेच म्हणतात.

पेशीत जी प्रथिनं बनतात त्यातली साधारण एक तृतीयांश ह्या ईआरमधून जातात, जी बाहेर पाठवायचीत, पटलात बसवायचीत किंवा रिक्तिकेत न्यायचीत ती सगळी. प्रथिन बनताना लांब दोरीसारखं असतं, त्याची नेमकी घडी बसली तरच ते कामाचं. ईआरच्या आत ही घडी घालणारे मदतनीस असतात, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा बिप नावाचा. अर्धवट घडीचं प्रथिन दिसलं की बिप त्याला धरून ठेवतो, नीट घडी बसेपर्यंत सोडत नाही, आणि बसतच नसेल तर ते प्रथिन बाहेर काढून मोडीत टाकलं जातं. अशी कडक तपासणी. आता ऊन वाढलं की काय होतं, घड्या बसायच्या बंद होतात. बनणं चालूच असतं, मदतनीस तेवढेच असतात, आणि ईआरच्या आत चुकीच्या घडीचा माल साचायला लागतो. सीझनला आमच्या शेडमधे असंच होतं, ट्रॅक्टर येतच राहतो, निवडणाऱ्या बायका तेवढ्याच आणि दारापर्यंत क्रेट लागतात.

तर झाडाला ताण बसल्याची एक तक्रार इथे नोंदवली जाते. हीच एक जागा आहे असं नाही, तापमान ओळखणाऱ्या गोष्टी पेशीत अजून आहेत, २०१६ मध्ये तर कळलं की प्रकाश ओळखणारा फायटोक्रोम बी हाच रात्रीची ऊबही ओळखतो. पण ईआरची तक्रार मला सगळ्यात आवडते कारण तिथे बातमी साचलेल्या मालातूनच तयार होते.

आता अडचण अशी की माल साचलाय ईआरच्या आत आणि मदतनीस वाढवायचे तर त्यांची जनुकं आहेत केंद्रकात. मधे पटल आहे. आतली बातमी पटलाच्या पलीकडे जाणार कशी? ह्याचं पहिलं उत्तर यीस्टमधे मिळालं. १९९३ मध्ये अमेरिकेत पीटर वॉल्टर यांच्या गटाने आणि काझुतोशी मोरी यांनी वेगवेगळं काम करून एकच प्रथिन शोधलं, आयआरई-१, आम्ही त्याला आयर-वन म्हणायचो. हे पटलात आरपार बसलेलं असतं, एक टोक ईआरच्या आत, दुसरं बाहेर. आत चुकीचा माल साचला की आयर-वनचे रेणू एकमेकांना येऊन चिकटतात आणि बाहेरच्या टोकाची कात्री चालू होते. दोघांना ह्या कामाबद्दल २०१४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

झाडांमधे आयर-वन आहे हे २००० च्या आसपास कळलं होतं, पण ते कापतं काय हे कळेना. २००५ मध्ये जपानमधे इवाता आणि कोइझुमी यांना बीझिप-६० नावाचं प्रथिन सापडलं, ताण बसला की ते केंद्रकात जाऊन मदतनिसांची जनुकं चालू करतं. ते एरवी पटलाला बांधलेलं असतं, म्हणून अंदाज असा होता की ताण आला की हे प्रथिनच कापलं जात असणार. बरीच वर्षं ती कात्री प्रथिनं कापणाऱ्यांमधे शोधली गेली. आणि २०११ मध्ये कळलं की प्रथिन कापलं जातच नाही, त्याच्या आधीची पायरी, त्याचा एमआरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रथिन बनवायची चिठ्ठी, तो कापला जातो आणि कापणारा आयर-वनच. अरॅबिडॉप्सिस ह्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या झाडामधे ह्या एमआरएनएतून फक्त २३ अक्षरं निघतात. एमआरएनए तीनतीनच्या गटाने वाचला जातो आणि २३ ला ३ ने भाग जात नाही, म्हणजे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि जो भाग पटलात रुतून बसायचा तो तयारच होत नाही. दाव्याशिवायचं वासरू जन्माला आल्यासारखं बीझिप-६० मोकळंच बनतं आणि सरळ केंद्रकाकडे जातं. २३ अक्षरं! माझा सगळा प्रोजेक्ट ह्या २३ अक्षरांवर होता.

अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं वीतभर झाड, सहा-सात आठवड्यात बी ते बी. आम्ही आगरच्या प्लेटवर रोपं वाढवायचो, दहा दिवसांची झाली की काही प्लेट ४२ डिग्रीला ठेवायच्या, काहींना ट्यूनिकामायसिन द्यायचं. हे ट्यूनिकामायसिन जपानी संशोधकांनी १९७१ मध्ये एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळवलं, ते ईआरमधे प्रथिनांना साखरेच्या साखळ्या लावू देत नाही आणि मग घड्या बिघडतात. मग रोपं लिक्विड नायट्रोजनमधे कुटायची, आरएनए काढायचा, त्याची डीएनए नक्कल म्हणजे सीडीएनए, मग पीसीआरने हव्या तुकड्याच्या भरपूर प्रती आणि शेवटी जेल, त्यात लहान तुकडे पुढे पळतात. २३ अक्षरांचा फरक साध्या एक टक्क्याच्या जेलवर दिसतच नाही, तीन टक्क्याचं जाड जेल ओतायचं, हळू चालवायचं, जेवायची सुट्टी गेली तरी चालेल पण घाई करायची नाही. पहिले चार महिने मला एकच जाडसर पट्टा दिसायचा. आणि मग एका संध्याकाळी यूव्हीखाली नीट दोन पट्टे दिसले, साध्या रोपांमधे वरचा, उन्हातल्या रोपांमधे त्याच्या जरासा खाली दुसरा. ती तक्रार मी डोळ्यांनी बघितली. त्या झाडाला कळलं होतं, आणि कळल्याची खूण माझ्यासमोर जेलवर होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण मला विचाराल तर दुसरा रस्ता जास्त सुंदर आहे. बीझिप-२८ नावाचं अजून एक प्रथिन ईआरच्या पटलात बसलेलं असतं, डोकं बाहेर, शेपूट आत, आणि एरवी त्याची शेपूट बिपने धरून ठेवलेली असते. तोच बिप, घडी घालणारा. आता बघा काय होतं. आत चुकीचा माल साचला की बिप तिकडे धावतो, त्याचं ते कामच आहे. धावला की बीझिप-२८ ची शेपूट सुटली. सुटलेलं बीझिप-२८ एका छोट्या पिशवीत बसून ईआरमधून गोल्गी संकुलात, म्हणजे पेशीच्या माल पाठवायच्या ठिकाणी जातं, तिथे पटलातल्या कात्र्या त्याला कापतात आणि मोकळं झालेलं डोकं केंद्रकात पोचतं, आणि तिथे जाऊन काय चालू करतं तर अजून बिप बनवायचं जनुक. मदतनीस कामात अडकला हाच निरोप, वेगळा भोंगा वाजवायला कुणी नेमलेलंच नाही. आणि पुरेसे बिप तयार झाले की ते परत बीझिप-२८ ची शेपूट धरतात, तक्रार आपोआप बंद. हे २०१३ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठात स्टीफन हॉवेल यांच्या गटाने दाखवलं. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. त्याचाच भाऊबंद बीझिप-१७, तो खाऱ्या पाण्याच्या ताणाला ह्याच वाटेने जातो, ईआर, गोल्गी, केंद्रक.

म्हणजे ईआर, गोल्गी, केंद्रक, रिक्तिका ह्या नुसत्या खोल्या नाहीत. त्यांची पटलं हीच निरोपाची वाट आहे, कोण कुठे बांधलेलं आहे आणि कोणाचं दावं कधी सुटतं ह्यातच सगळी बातमी.

रिक्तिकेचं नाव आलंच तर तिच्याबद्दल थोडं. रिक्तिका म्हणजे रिकामी असं नावातच आहे आणि ते तिच्यावर अन्याय करणारं आहे. मोठ्या झालेल्या पेशीत नव्वद टक्क्यांपर्यंत जागा तिची असते, आणि तिच्यात कॅल्शियमचा साठा असतो. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधे सायमन गिलरॉय यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोकाला मीठ लावलं तर कॅल्शियमची एक लाट मुळातून वर निघाली, सेकंदाला साधारण ४०० मायक्रोमीटर, म्हणजे एवढ्याशा रोपात काही मिनिटांत मुळातली बातमी पानात. आणि ही लाट वेगाने पुढे जायला रिक्तिकेच्या पटलातला टीपीसी-१ नावाचा चॅनेल, म्हणजे पटलातलं एक दार, लागतो, तो नसला की लाट रडतखडत जाते. अप्पा म्हणतात मुळाला झालं की शेंड्याला कळतं, ते अक्षरशः असंच आहे.

आता जड भाग. मदतनीस वाढवूनही माल साचतच राहिला, दिवसेंदिवस, तर? आधी पेशी ईआरचे खराब तुकडे पिशवीत गुंडाळून रिक्तिकेत टाकते, तिथे ते विरघळतात. तेही पुरलं नाही की तेच निरोप पेशीला वाचवायचं सोडून मारायच्या दिशेला जायला लागतात. ब्राझीलमधल्या व्हिसोझाच्या विद्यापीठात सोयाबीनवर ह्याचं बरंच काम झालंय. ईआरचा ताण आणि पाण्याचा ताण दोन्ही एकत्र आले की एक साखळी चालू होते, तिच्या शेवटी व्हीपीई नावाचं एन्झाइम, ते रिक्तिकेत असतं, रिक्तिकेचं पटल फुटतं आणि आतली सगळी पाचक द्रव्यं पेशीत सांडतात. पेशी संपली. ही नुसती नासाडी नाही, हे ठरवून केलेलं मरण आहे. आणि त्याच गटाने २००९ मध्ये दाखवलं की सोयाबीनमधे बिप जास्त बनेल असं केलं तर झाड दुष्काळात जास्त तग धरतं, पानं उशिरा पिवळी पडतात. म्हणजे ती रेघ बऱ्याच अंशी बिपच्या हातात आहे. डाळिंबवाल्याला बागेकडे बघून समजतं की आता ताण तोडायला पाहिजे, पेशीला मोकळे बिप किती उरलेत त्यावरून समजतं.

मग फुलंच का? पानं काळीभोर आणि फुलं सरीत, असं का?

फुलाच्या आत परागकोश असतो आणि त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर, टॅपेटम. परागकणांना खाऊपिऊ घालणारा, त्यांच्या अंगावर वेष्टण चढवणारा हाच. त्याचं सगळं काम म्हणजे बनवा आणि बाहेर पाठवा, त्यामुळे ह्या पेशी ईआरने गच्च भरलेल्या असतात. पानाच्या पेशीत ईआरवर बेताचा भार असतो, टॅपेटममधे सीझनची शेड कायम चालू. २०१६ मध्ये हॉवेल यांच्याच गटाने अरॅबिडॉप्सिसमधे आयर-वन बंद केलेली झाडं वाढवली. साध्या तापमानाला ती ठीक, बी धरतात. तापमान चढवलं की झाड उभं, फूल उभं, पण पराग निकामी, टॅपेटमचं वेष्टण चढवायचं काम बिघडलेलं. फुलाच्या आत तक्रार पोचवणारा निरोप्याच नव्हता.

टोमॅटोच्या फुलगळीचं सगळं खापर ईआरवर फोडायचं नाहीये मला, परागाला साखर कमी पडते, संप्रेरकं बिघडतात, ते सगळं आहेच. पण एक गोष्ट शेतकऱ्याच्या फार कामाची आहे. टोमॅटोत उन्हाचा सगळ्यात मोठा फटका उमललेल्या फुलाला बसत नाही, तो बसतो कळी अगदी बारीक असताना, उमलायच्या आठवडा-दीड आठवडा आधी, जेव्हा आत पराग तयार होत असतात. दिवसा पस्तीसच्या पुढे आणि रात्री एकवीस-बावीसच्या खाली येतच नसेल तर सेटिंग, म्हणजे फळ धरणं, मार खातं, आणि रात्र गरम राहिली तर पेशीला सावरायला उसंतच नाही. म्हणजे आज सरीत पडलेलं फूल मागच्या आठवड्यातल्या उन्हाचं आहे. फुलं पडायला लागल्यावर दुकानातून आणलेलं टॉनिक फवारलं जातं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं, आमच्याकडेही दोनदा झालं, पैसे गेले आणि निकामी झालेला पराग काही जिवंत झाला नाही.

हे सगळं मी अप्पांना फोनवर सांगितलं, तासभर. बिपचं सांगितलं, दाव्याचं सांगितलं. मधे ते एकदाच बोलले, "म्हणजे पान हिरवं आहे म्हणून प्लॉट चांगला म्हणायचं नाही." मी म्हटलं, "नाही अप्पा, फुलाच्या आत बघायला पाहिजे." मग विचारलं, "कसं बघायचं? तुझ्यासारखं मशीन नाही माझ्याकडे."

मे महिन्यात परत गेले. सकाळी सातला आम्ही दोघं प्लॉटवर. ताजं उमललेलं फूल घ्यायचं, अंगठ्याच्या नखावर उलटं धरायचं आणि देठावर टिचकी मारायची, पराग चांगला असेल तर नखावर पिवळी भुकटी पडते. मधल्या सरीतली दहाबारा फुलं बघितली, एकदोनदाच काहीतरी पडल्यासारखं वाटलं, बाकी नख कोरडं. मग अप्पा न बोलता पश्चिमेच्या बांधाकडे गेले, तिथे आंब्याचं मोठं झाड आहे, दुपारी दोननंतर त्याची सावली शेवटच्या तीन सरींवर येते. त्यांनी फूल तोडलं, टिचकी मारली आणि अंगठा माझ्यासमोर धरला.

"हे बघ," म्हणाले. "इकडं पडली."

मग खिशातून पेन काढून त्यांनी ठिबकच्या वेळापत्रकाच्या वहीत मागच्या पानावर त्या तीन सरींचे नंबर लिहिले आणि पुढच्या झाडाच्या फुलाला हात घातला.